गुरुजींचा ठपका आणि मुलांचें वळण

पुण्याहून पश्चिमेस निघून पौड मागें टाकलें, कीं थोड्याच वेळांत मुळशीचा विस्तीर्ण तलाव दिसूं लागतो. पावसाळ्यांत हवा खाण्यास येणाऱ्या नागरिकांस हा देखावा मोठा रमणीय वाटतो. परंतु ज्यांनीं त्या काठच्या एखाद्या शाळेंत वर्ष-दोन वर्षें काढलीं आहेत, त्यांस त्या रमणीयतेची दुसरीही बाजू ठाऊक असते. धो धो पावसांत डोक्यावर इरलें नाहीं तर प्लास्टिकचा कागद घेऊन, पाण्याला वळसा घालीत मैल-दोन मैल चालत येणारीं मुलें मीं तेथें पाहिलीं आहेत. त्यांतल्याच एका मुलाची हकीकत सांगून मी आजच्या विषयास आरंभ करणार आहें. त्या हकीकतींत मला अभिमान वाटावा असें कांहीं नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें.

या गोष्टीस आतां पस्तीस-छत्तीस वर्षें झालीं. मी नवा शिक्षक होतों, आणि नव्या शिक्षकाला शिस्तीचा जो हव्यास असतो तो मला पुरेपूर होता. नववीच्या वर्गांत एक मुलगा रोज उशिरा येई. पहिला तास अर्धा उलटून गेल्यावर चिखलाच्या पायांनीं तो दारांत उभा राही आणि खालीं मान घालून जाग्यावर जाऊन बसे. दोन-तीन वेळां मीं त्याला हटकलें. चौथ्या वेळीं माझा तोल गेला, आणि साऱ्या वर्गासमोर मी त्याला म्हणालों, "तुझ्यासारख्यांनीं शाळेंत यावेंच कशाला? गुरें राखावींत." वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो घंटेच्या आधीं हजर होता. तिसऱ्या, चौथ्या दिवशींही होता. मला वाटलें, औषध लागू पडलें. पांचव्या दिवशीं मात्र तो आला नाहीं, आणि त्यानंतर आठवडाभर त्याचा बांक रिकामा राहिला.

त्या मुलाचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. मधल्या वेळांत मला आपल्यापुढें एक प्रश्न ठेवावयाचा आहे. तेरा ते सोळा या वयाच्या मुलाला शिक्षकानें दोष दाखविला, तर तो सुधारतो कीं बिघडतो? आणि कधीं सुधारतो व कधीं बिघडतो, याचें कांहीं गमक आहे काय? हा प्रश्न आजचा नाहीं. महाराष्ट्राच्या गेल्या दीड-दोनशें वर्षांच्या शिक्षणाच्या इतिहासांत त्याचीं उत्तरें निरनिराळ्या गुरूंनीं निरनिराळ्या रीतींनीं देऊन ठेविलीं आहेत.

आपल्या जुन्या गांवठी शाळांतील पंतोजी या प्रश्नाचा फारसा विचार करीत नसत. धूळपाटीवर अक्षर चुकलें तर छडी, पाढा अडला तर अंगठे धरणें, खोडी केली तर ओणवें उभें राहणें, असा त्यांचा हिशेब सरळ असे. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी म्हण आपल्या भाषेंत रूढ झाली ती उगाच नव्हे. तथापि त्या शिक्षेंत एक गोष्ट अशी होती, कीं ती बहुधा तेथल्या तेथें संपे. हातावरचा वळ संध्याकाळपर्यंत जाई, आणि दुसऱ्या दिवशीं तोच पंतोजी त्याच मुलाकडून कित्ता गिरवून घेई. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ मध्यें त्याची पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली, आणि हळूहळू सर्व शालेय जीवनावर परीक्षेची छाया पडली. छडी गेली नाहीं. पण तिच्या जोडीला 'नापास' हा शब्द आला, 'ढ' हें विशेषण आलें, आणि 'हा पुढें कांहीं करणार नाहीं' हें भाकित आलें. हातावरच्या वळापेक्षां हे वळ अधिक दिवस टिकणारे होते.

या काळांतील दोन गोष्टी महाराष्ट्रांत घरोघर सांगितल्या जातात. दोन्ही आख्यायिकेच्या स्वरूपाच्या आहेत. परंतु त्या इतकीं वर्षें सांगितल्या जात आहेत याचें कारण त्यांत आपल्याला आपल्याच शाळेचे अनुभव ओळखूं येतात, असें मला वाटतें.

पहिली गोष्ट लोकमान्य टिळकांच्या बाळपणाची. वर्गांत भुईमुगाच्या शेंगांचीं टरफलें पडलेलीं पाहून गुरुजी रागावले आणि सर्वांनीं मिळून तीं उचलावीं अशी त्यांनीं आज्ञा केली. बाळ टिळकांनीं शेंगा खाल्ल्या नव्हत्या. म्हणून त्यांनीं टरफलें उचलण्यास साफ नकार दिला. आपण ही गोष्ट टिळकांच्या बाणेदारपणासाठीं सांगतों. पण ती गुरुजींच्या बाजूनेंही एकदां पाहण्यासारखी आहे. त्या गुरुजींना वर्ग स्वच्छ हवा होता, ही कांहीं वाईट अपेक्षा नव्हे. चूक झाली ती ठपका वांटण्यांत. सरसकट दोष दिला, कीं ज्यानें अपराध केला तो गर्दींत लपतो आणि ज्यानें केला नाहीं त्याच्या मनांत अन्यायाची जाणीव पेट घेते. पौगंडावस्थेंतील मुलाला दुसरें कांहीं कळो न कळो, न्याय आणि अन्याय यांतील भेद फार तीव्रतेनें कळतो. एकदां 'हे गुरुजी अन्यायी आहेत' असें त्याच्या मनानें घेतलें, कीं पुढें ते गुरुजी खरा दोष दाखवूं लागले तरी तो त्याला पटत नाहीं.

दुसरी गोष्ट गोपाळ गणेश आगरकरांची. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा अत्यंत गरीब मुलगा शिक्षणासाठीं वणवण करीत अकोल्यास पोंचला. तेथें विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान शिक्षक होते. एकदां त्यांनीं आगरकरांना, तुमच्यासारख्यांच्या हातून कांहीं होणार नाहीं, अशा अर्थाचे शब्द ऐकविले, आणि आगरकरांनीं तेथल्या तेथें, मी तुमच्यासारखा एम्. ए. होऊन दाखवीन, असें उत्तर दिलें, अशी ही कथा आहे. आगरकर १८८० च्या सुमारास खरोखरीच एम्. ए. झाले, 'केसरी'चे पहिले संपादक झाले, आणि पुढें फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यही झाले.

ही दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळ पालक आणि शिक्षक म्हणतील, "पाहा, लागट बोलल्यानेंच माणूस घडतो." परंतु येथें थोडें थांबावें अशी माझी विनंति आहे. अकोल्याच्या त्या कथेला एक उत्तरार्ध आहे, आणि तो आपण बहुधा गाळतों. याच महाजनींनीं पुढें आगरकरांना उच्च शिक्षणासाठीं पुण्यास जाण्याच्या कामीं साहाय्य केलें, असें सांगतात. म्हणजे ज्या तोंडून टोमणा निघाला त्याच माणसाच्या हातून मदतही झाली. शिष्याला गुरूच्या शब्दांत कडूपणा दिसला, पण गुरूच्या मनांत आपल्याविषयीं तुच्छता नाहीं हेंही दिसलें. शिवाय दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. टोमण्यानें पेटून उठलेला एक आगरकर इतिहासांत नोंदला जातो. त्याच टोमण्यानें विझून गेलेलीं शंभर मुलें इतिहासांत नोंदलीं जात नाहींत, कारण तीं गुपचुप शाळा सोडून जातात. वांचलेल्यांच्या कथांवरून औषधाची परीक्षा करूं नये.

आतां या परंपरेंतील एक अगदीं निराळें प्रकरण आपल्यापुढें ठेवितों. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ मध्यें अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्यें शिक्षक म्हणून आले आणि १९३० सालीं सविनय कायदेभंगाच्या चळवळींत पडण्यासाठीं त्यांनीं ती नोकरी सोडली. सारीं सहा वर्षें. पण 'साने सर' यांचे 'साने गुरुजी' झाले ते या सहा वर्षांत, आणि तेही वर्गापेक्षां शाळेच्या छात्रालयांत अधिक. छात्रालय म्हणजे पौगंडावस्थेंतील पोरांचें राज्य. अस्ताव्यस्त अंथरुणें, इतस्ततः पडलेलीं पुस्तकें, न धुतलेलीं धोतरें, हें तेथें नित्याचें. देखरेख करणाऱ्या शिक्षकानें अशा वेळीं काय करावें? दंड करावा, नांव फळ्यावर लिहावें, पालकांस पत्र धाडावें, हे सर्व मार्ग उपलब्ध होते.

साने गुरुजींनीं काय केलें, तें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं पुढें वारंवार सांगितलें आहे. मुलें शाळेंत गेलीं, कीं ते खोल्यांतून जात, खोली झाडीत, वस्तू नीट लावून ठेवीत, प्रसंगीं मुलांचे कपडेही धुऊन टाकीत, आणि त्याविषयीं एक शब्दही बोलत नसत. परत आलेल्या मुलाला आपली खोली आवरलेली दिसे. ती कोणीं आवरली हें कळावयास वेळ लागत नसे. मग तो मुलगा ओशाळे, आणि गुरुजींना पुन्हां हें काम पडूं नये म्हणून दुसऱ्या दिवशीं स्वतःच खोली झाडून ठेवी. याखेरीज 'छात्रालय' नांवाचें एक हस्तलिखित दैनिक गुरुजी स्वतः लिहून काढीत. त्यांत जगांतल्या बातम्या असत, थोरांच्या कथा असत, आणि छात्रालयांतील वागणुकीविषयींचे विचारही असत. लेकी बोले सुने लागे, या न्यायानें ज्याला जें लागावयाचें तें लागे. परंतु कोणाचीही मान चारचौघांत खालीं जात नसे.

कोणी म्हणेल, ही टीका नव्हेच. माझ्या मतें ही टीकाच होती, आणि मोठी कठोर टीका होती. "तुझी खोली घाणेरडी आहे" हें वाक्य तींत पुरेपूर होतें. परंतु त्या वाक्यासोबत "आणि तूं मला परका नाहींस" हें दुसरेंही वाक्य होतें. पहिलें वाक्य मुलाला आपला दोष दाखवी. दुसरें वाक्य तो दोष सुधारण्याचें बळ देई.

येथें मला पुन्हां मुळशीकडे वळावयाचें आहे, कारण हातीं झाडू घेऊन बोलणारा दुसरा एक महापुरुष त्याच भूमीशीं निगडित आहे. पांडुरंग महादेव बापट हे मूळचे पारनेरचे. विलायतेहून परत आल्यावर पारनेरास असतां ते पहाटे उठून गांवचे रस्ते झाडीत. गांवाला स्वच्छतेवर व्याख्यान देण्याऐवजीं त्यांनीं हा मार्ग पत्करला. पुढें मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें मुळशीस धरण बांधावयास घेतलें, मावळ्यांच्या भातखाचरांवर आणि घरांवर पाणी येणार हें दिसूं लागलें, आणि १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासमवेत बापटांनीं तो लढविला. 'सेनापति' ही पदवी त्यांना याच लढ्यानें मिळाली. सत्याग्रह म्हणजे तरी काय? स्वतः दुःख सोसून प्रतिपक्षाला त्याचा दोष दाखविणें. साने गुरुजी छात्रालयांत जें करीत त्याचेंच हें मोठें रूप.

परंतु मुळशीस काय घडलें, हें आपण जाणतां. धरण थांबलें नाहीं. १९२४ मध्यें लढा संपुष्टांत आला. शेवटीं बापटांनीं स्वतः आगगाडीच्या मार्गांत धोंडे टाकून ती अडविली, आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. गांवें पाण्याखालीं गेलीं. मग छात्रालयांत जें साधलें तें मुळशींत कां साधलें नाहीं? राजकारणाचीं आणि पैशाचीं कारणें होतीं, हें उघड आहे. पण आपल्या विषयापुरता एक बोध त्यांतून निघतो. दोष दाखविणाऱ्याविषयीं ज्याच्या मनांत कांहीं आदर वा ममता आहे, त्यालाच दोष दाखविल्याचा उपयोग होतो. अंमळनेरच्या मुलाला गुरुजींच्या नजरेंतून उतरण्याची भीति होती. कंपनीला मावळ्यांच्या नजरेंतून उतरण्याची भीति नव्हती. नातें नसेल तेथें ठपका हा केवळ आवाज ठरतो; मग तो मोठा करावा लागतो, आणि मोठा करूनही तो ऐकूं जात नाहीं.

आतां आधुनिक शास्त्र या बाबतींत काय सांगतें तें थोडक्यांत पाहूं. १९२५ सालीं अमेरिकेंत एलिझाबेथ हर्लॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं शाळेंतील मुलांवर एक प्रयोग केला. मुलांचे गट पाडून त्यांना लागोपाठ पांच दिवस बेरजेचीं उदाहरणें घातलीं. एका गटाची रोज सर्वांसमक्ष वाखाणणी केली, दुसऱ्याची खरडपट्टी काढली, आणि तिसऱ्याची कोणी दखलच घेतली नाहीं. आरंभीं वाखाणणी आणि खरडपट्टी या दोहोंनींही काम सुधारलें. परंतु पुढें वाखाणलेला गट चढत राहिला, आणि खरडपट्टी काढलेला गट खालीं आला. माझ्या त्या विद्यार्थ्याचे चार दिवस मला या ठिकाणीं आठवतात. ठपक्याचा पहिला परिणाम चांगला दिसतो, हेंच त्याचें खरें भय आहे. कारण त्यामुळें ठपका देणारा फसतो.

मग केवळ गोड बोलावें काय? तसेंही नाहीं. त्या प्रयोगांत ज्यांच्याकडे कोणी पाहिलेंच नाहीं, त्या मुलांचे हाल खरडपट्टी खाणाऱ्यांहून बरे नव्हते. दोष न दाखविणें ही दया नव्हे, ती उपेक्षा होय, आणि मोठीं मुलें खोटी स्तुति चटकन् ओळखतात. डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीनें मननीय आहेत. अमेरिकेंतील सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनीं नेहमींप्रमाणें कडक तपासले. मग कांहीं निबंधांना एक चिठ्ठी जोडली. तिचा आशय असा होता, कीं तुझ्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे आणि ती तूं पुरी करूं शकशील हें मी जाणतों, म्हणून हे शेरे लिहिले आहेत. इतरांच्या चिठ्ठींत नुसतें, तुला अभिप्राय कळावा म्हणून हे शेरे, एवढेंच होतें. गौरेतर समाजांतील, म्हणजे ज्यांना शिक्षकांच्या हेतूविषयीं शंका येण्यास इतिहासानें कारण दिलें आहे अशा काळ्या मुलांपैकीं, साध्या चिठ्ठीच्या गटांत शेंकडा १७ मुलांनीं निबंध सुधारून पुन्हां दिला. पहिल्या चिठ्ठीच्या गटांत हें प्रमाण शेंकडा ७२ होतें. शेरे तितकेच कडक होते. बदलला होता तो शेऱ्यांमागचा हेतु समजण्याचा मार्ग. पुढें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यांत, पहिली चिठ्ठी मिळालेल्या अशा मुलांच्या शिस्तभंगाच्या घटनाही पुढच्या वर्षीं कमी झाल्याचें आढळलें. म्हणजे प्रश्न केवळ निबंधाचा नव्हता, वर्तनाचाही होता.

आपल्या देशाच्या कायद्यानेंही या बाबतींत एक रेघ ओढली आहे. २००९ सालचा बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास तर बंदी केलीच, पण मानसिक छळासही केली. छडीचा वळ आणि शब्दाचा वळ यांस कायद्यानें एका पंक्तीस बसविलें, ही मोठी गोष्ट झाली. परंतु कायदा फार तर काय बोलूं नये तें सांगेल. काय बोलावें हें शिक्षकाला आणि आईबापांना स्वतःच शिकावें लागतें.

आतां माझ्या त्या विद्यार्थ्याकडे येतों. आमच्या शाळेंत एक वयस्क शिक्षक होते. आठवडा झाल्यावर ते मला म्हणाले, "मुलाच्या घरीं जाऊन येऊं या." मी टाळाटाळ केली, तेव्हां ते भर पावसांत एकटेच गेले. संध्याकाळीं परत येऊन त्यांनीं मला एवढेंच सांगितलें, कीं मुलाचे वडील दोन महिने अंथरुणाला खिळलेले आहेत, दोन म्हशींचें दूध सकाळीं सडकेपर्यंत पोंचवून मग तो शाळेस येतो, आणि ते चार दिवस तो वेळेवर आला तेव्हां त्याच्या आईला दूध घेऊन जावें लागलें. मला त्यांनीं दोष दिला नाहीं. तो दिला असता तर कदाचित् मीं स्वतःचें समर्थन केलें असतें. त्यांनीं दिला नाहीं म्हणून मला रात्रभर झोंप लागली नाहीं.

मुलगा परत आला. दिवाळीपर्यंत त्यानें पहिल्या तासाला उशिरा यावें, अशी मुख्याध्यापकांनीं मोकळीक दिली. पण ते वयस्क शिक्षक त्याला बाजूला घेऊन जें बोलले तेंही मीं ऐकलें. ते म्हणाले, "उशीर झाला ही तुझी चूक नव्हे. पण कारण सांगितलें नाहींस, ही चूक आहे. तूं आतां मोठा झालास. मोठ्या माणसानें आपली अडचण सांगावी. पुन्हां असें करूं नकोस." मुलानें मान डोलावली. पुढें त्याला कांहीं अडचण आली, कीं तो त्यांच्याकडे जाऊन सांगे. माझ्याकडे मात्र तो कधीं आला नाहीं. वर्षभर त्यानें माझ्या प्रश्नांचीं उत्तरें जमिनीकडे पाहून दिलीं. यथावकाश तो दहावी उत्तीर्ण झाला. त्या यशांत माझा कांहीं वांटा आहे, असें मला कधीं म्हणतां आलें नाहीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या घरांत या वयाचीं मुलें असतील. ठपका देण्याचा प्रसंग आज ना उद्यां येईलच, आणि तो येऊं नये असेंही मी म्हणत नाहीं. आधीं कारण विचारावें. कृत्याला दोष द्यावा, मुलाच्या जातकुळीला वा भविष्याला देऊं नये. चारचौघांत न बोलतां एकटें गांठून बोलावें. आणि बोलून झाल्यावर, उद्यां काय करावें हें सांगितल्याखेरीज त्याला जाऊं देऊं नये. या चार गोष्टी शिकण्यास मला मुळशीच्या पाण्याकांठचा एक रिकामा बांक पाहावा लागला. आपणांस तो पाहावा लागूं नये, एवढ्यासाठींच हें बोललों.